पिशवी उतरली आणि मी गप्प राहिले

"किती दिवसांपासून आहे हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन महिने," मी म्हणाले.

त्यांनी हातमोजे काढले, हात धुतले, परत येऊन माझ्या पायांवरची चादर नीट केली. मग स्टूल ओढून माझ्या उशाशी बसल्या. "मावशी, दोन महिन्यांत इतकं होत नाही. मी रागावणार नाही. खरं सांगा."

पडद्यापलीकडे माझी मुलगी वंदना उभी होती. तिला सगळं ऐकू जाणार हे मला माहीत होतं. मी छताकडे बघत म्हणाले, "अकरा वर्षं."

 पलीकडून चपलांचा आवाज आला. वंदना बाहेर निघून गेली होती.

मी तिच्याकडे चिखलीला चार दिवस राहायला गेले होते. त्या दिवशी सकाळपासून मला लघवीच झाली नव्हती. ओटीपोट दगडासारखं झालं, दुपारी बसणंही अशक्य झालं, तेव्हा तिनं रिक्षात घालून मला बायकांच्या दवाखान्यात आणलं. नळी घातली आणि जीव खाली आला. त्यानंतर तपासणी झाली. माझी गर्भाची पिशवी पूर्ण बाहेर उतरली होती आणि तिनं लघवीची वाट दाबून धरली होती.

वंदना परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "आई, तू गावच्या बायांले सांगत होती न, लाजू नका, अंगावर काढू नका म्हणून? मंग तुले काय झालं होतं?"

मला उत्तर आलं नाही. आज लिहितानाही ते पूर्ण येत नाही.

मी कोण

मी डोणगावची सुशीला. वय सदुसष्ट. अंगणवाडीची सेविका होते, रिटायर होईपर्यंत तेच काम केलं. पोरांची वजनं घेतली, गरोदर बायकांच्या घरी गेले, सासवांशी भांडून सुनांना दवाखान्यात पाठवलं. अख्खं गाव मला 'बाई' म्हणतं. बाईला सगळं विचारता येतं, असं गावातल्या बायका म्हणायच्या. बाईनं कोणाला विचारावं, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. मलाही नाही.

या आजाराला आमच्याकडे धड नावही नाही. कोणी 'अंग बाहेर येतं' म्हणतं, कोणी 'पिशवी उतरली' म्हणतं. बहुतेक जणी काहीच म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

सुरुवात

अंगणवाडीत पोरांच्या आहाराचं पोतं आलं होतं. गाडीवाल्यानं ते दारातच टाकलं आणि तो निघून गेला. मी आणि माझी मदतनीस कमला, दोघींनी मिळून ते आत ओढलं. ओढता ओढता माझ्या पोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं. दुखलं नाही. फक्त खाली जड झालं, जसं कोणी आतून वजन टांगलं.

घरी येऊन संडासात गेले तेव्हा हाताला लिंबाएवढा मऊ गोळा लागला. मला वाटलं, कॅन्सर. मी तशीच पलंगावर जाऊन पडले. सकाळी गोळा आत गेलेला होता. संध्याकाळी पुन्हा बाहेर. मग हेच रोजचं झालं. पडलं की आत, उभं राहिलं की बाहेर.

कॅन्सर नाही हे मला काही दिवसांत कळलं, कारण आमच्या सासूबाईंना मी शेवटची अंघोळ घातली होती. तेव्हा त्यांच्या अंगाशी बांधलेलं फडकं सोडलं आणि मी जे पाहिलं ते कोणाला बोलले नव्हते. तेच आता मला झालं होतं. सासूबाई फडकं बांधून जगल्या आणि फडक्यासकट गेल्या. मला वाटलं, बाईच्या जातीला असतंच हे.

मी जुन्या सुती लुगड्याचे पट्टे फाडले. रोज एक घट्ट बांधायचा, संध्याकाळी धुऊन घरामागे, बाकीच्या कपड्यांखाली वाळत घालायचा. लग्नात पंगत वाढणं सोडलं. विहारात बुद्धवंदनेला गेले की भिंतीला टेकून बसायची. बसमध्ये जागा मिळाली नाही तर ती बस सोडून दुसरीची वाट बघायची. खोकला आला की मांड्या आवळायच्या. पुढे पुढे लघवीला बसलं की आधी बोटानं तो गोळा वर सारावा लागायचा, तेव्हा कुठे धार सुटायची. वास येईल ही भीती तर चोवीस तास. कोणी जवळ येऊन बसलं की मी हळूच सरकायची.

का सांगितलं नाही? लाज होतीच. शिवाय भीती होती की लगेच पिशवी काढायला लावतील. आमच्या गल्लीतली एक जण पिशवी काढून आली ती वर्षभर कमरेतून सरळ झाली नव्हती, ते मी बघितलं होतं. आणि अजून एक गोष्ट. धाकट्याच्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी मी दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला गेले होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती, घरात गरज होती म्हणून गेले. मला सारखं वाटायचं, हे आपल्याच हातानं झालं, आता कोणाला काय सांगायचं?

आमचे हे

ह्यांचं बसस्टँडजवळ मोटर वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकायचे आणि हे दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसायचे. बोलणं कमी. पण दुकानातून येताना माझ्यासाठी काहीतरी आणायचेच. कधी भजी, कधी बोरं, कधी नुसतं पेपरातलं काही कापून आणलेलं, मला वाचायला.

पहिलं वर्ष मी कसंबसं काढलं. मग गुडघे दुखतात, पलंग उंच पडतो, असं सांगून मी माझं अंथरूण पुढच्या खोलीत नेलं. ते जवळ आले तर त्यांच्या लक्षात येईल, त्यांना किळस वाटेल, ही एकच भीती. दुसऱ्या एका गोष्टीची भीती वाटायला हवी होती, ती मला सुचलीच नाही.

काही महिन्यांनी एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "माह्यं काही चुकलं काय वं?"

"तुमचं काय चुकणार? वय झालं आता," मी म्हणाले.

"हाव," मान हलवून ते म्हणाले. चहा संपवला, कप स्वतः विसळला आणि दुकानात गेले. पुन्हा कधीच विचारलं नाही.

त्यानंतर ते बदलले. रागावले असते, भांडले असते, तर मी रडून का होईना बोलून टाकलं असतं. पण ते माझ्याशी पाहुण्यासारखे वागायला लागले. पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचे. भाजीत मीठ कमी असलं तरी मुकाट जेवायचे. दुकानातून येताना हात रिकामे असायचे. मी ते बघायची आणि मनात म्हणायची, बरं झालं, सवय झाली त्यांना.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर ते तीन आठवडे जगले. प्रमोद, माझा मुलगा, वाळूजला कंपनीत आहे. तो आठ दिवसांची सुट्टी काढून आला आणि गेला. वंदना येऊन जाऊन असायची. बाकी सगळं माझ्याकडे. त्यांना कुशीवर वळवायचं, चादर ओढायची, उचलून टेकवून बसवायचं. ते अंगानं भारी होते. दर वेळी उचलताना माझं आतलं सगळं खाली येऊन फाटल्यासारखं व्हायचं. मी दात आवळायची, चेहरा पिळवटायचा. ते माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मग नजर भिंतीकडे वळवायचे.

त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. माझं लक्ष माझ्याच दुखण्याकडे होतं.

बाळंतिणींच्या खोलीत

चिखलीच्या दवाखान्यात मला सहा दिवस ठेवलं. लघवीत जंतू झाले होते, ताप होता. खोलीत तीन खाटा. बाकी दोघींवर बाळंतिणी. दिवसभर बाळांचं रडणं, बाळंतशोपेचा वास, नातेवाइकांचं येणंजाणं. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून विचारायचा, "आजी, नातू झाला का नात?" माझी नळीला जोडलेली लघवीची पिशवी पदराखाली लपवलेली. एका पोरीच्या बापानं पेढा हातावर ठेवला, तो मी खाल्ला. काय करणार?

सकाळी सहाला फरशी पुसायला बाई यायची, सातला इंजेक्शन, दहाला डॉक्टरांची फेरी. फेरीच्या वेळी जयश्री नावाच्या सिस्टर आधी येऊन माझ्या खाटेभोवतीचा पडदा ओढायच्या आणि त्याच्या दोन्ही कडा हातानं धरून उभ्या राहायच्या, कारण तो पडदा मधे फाटका होता. मी सांगितलं नव्हतं त्यांना. इतक्या वर्षांत माझी लाज दुसऱ्या कोणीतरी सांभाळली, ती पहिल्यांदा.

ऑपरेशन करायचं ठरलं. त्याआधी हृदयाची सोनोग्राफी काढली तर हृदयाची झडप खराब निघाली. भूल देणारे डॉक्टर कागद बघून म्हणाले, "धोका मोठा आहे. मी नाही म्हणेन." वंदना रडायला लागली. मला मात्र काही वाटलं नाही. सासूबाईंचं फडकं आठवलं, एवढंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, ऑपरेशन नाही म्हणजे उपाय नाही असं नाही. रबराची एक रिंग असते. आत बसवायची, ती पिशवीला वर धरून ठेवते. दर तीन महिन्यांनी यायचं, आम्ही काढून, धुऊन, आत जखम नाही ना हे बघून परत बसवू."

"किती वेळ लागतो बसवायला?" मी विचारलं.

"दहा मिनिटं."

मी तोंडावर पदर घेतला. जयश्री सिस्टरना वाटलं मी घाबरले. त्या पाठीवर हात फिरवत राहिल्या, "दुखत नाही हो मावशी, थोडंसं ताणल्यासारखं वाटतं फक्त." दहा मिनिटं. अकरा वर्षं मी जे लपवलं, ज्याच्यासाठी नवऱ्यापासून वेगळी झोपले, त्याला दहा मिनिटं लागणार होती.

रिंग

बसवायला खरंच तेवढाच वेळ लागला. मग त्यांनी मला चालायला लावलं, खोकायला लावलं, संडासात बसून यायला लावलं. रिंग जागेवर होती. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही मांड्यांच्या मधे काही नाही, ही गोष्ट मी विसरून गेले होते. बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले.

दवाखान्यातून मी वंदनाकडेच गेले, तिथे पाचव्या दिवशी रिंग संडासात पडली. पोट साफ होत नव्हतं म्हणून मी जोर केला होता. मी ती उचलली, धुतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि घरी कोणाशी न बोलता दिवसभर बसून राहिले. वाटलं, झालं, आपल्या नशिबात हेही नाही. दुसऱ्या दिवशी वंदनानं ओळखलं आणि ओढत नेलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, पहिली पडतेच पुष्कळ जणींची. मोठी बसवू." मोठी बसली.

ज्यांना ही रिंग घ्यायची असेल त्यांना मला कळलेलं सांगते. पोट साफ राहायला हवं, जोर करायचा नाही. मी रोज संध्याकाळी काळ्या मनुका भिजवते, वर पाणी भरपूर. पाण्याचा हंडा, धान्याचं पोतं, नातवंडं, काहीही उचलायचं नाही. सिस्टरनी एक व्यायाम शिकवला. लघवी मधेच अडवताना जसं आवळतो तसं आतून आवळायचं, थोडा वेळ धरायचं, सोडायचं. मी तो टीव्ही बघता बघता करते. एक मलम आहे, तेही नेमानं लावते. आणि रक्त दिसलं, घाण वास आला, लघवी अडली, तर तीन महिन्यांची वाट बघायची नाही, लगेच जायचं. रिंग आजार बरा करत नाही. ती धरून ठेवते, तेवढंच तिचं काम.

प्रमोद

मुलाला काय सांगायचं हा मोठा प्रश्न होता. फोनवर मी "लघवीचा त्रास" म्हणत राहिले. शेवटी वंदनानं सांगून टाकलं. त्यानं ऑपरेशनचं विचारलं, रिंगचं विचारलं. मग म्हणाला, "मंग काढून टाका न एकदाची. ते रबर किती दिवस ठेवतीन? मरेपर्यंत काय?"

"हृदयाचं ऐकलं न तू?" वंदना म्हणाली.

"मोठ्या दवाखान्यात करतात असे ऑपरेशन. तुमी चिखलीच्या पुढं पाहूनच नाही राह्यले."

"तू ये न मंग पाहायले. आठ दिवसाच्या वर कधी आला तू?"

हे बाबांच्या वेळचं होतं. तो समजला. बहीणभाऊ महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत, माझ्या अंगातल्या एका वस्तूवरून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तो आला, मला संभाजीनगरला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनीही तेच सांगितलं. मग त्यानं मला घरी आणून सोडलं. दोन दिवस राहिला आणि जायच्या आधी संडासात उंच बसायची खुर्ची बसवून गेला. अजूनही फोनवर तो फक्त "तब्येत?" एवढंच विचारतो. मी "बरी" म्हणते. आम्हा दोघांना याच्यापुढे येत नाही.

जखम

आठ महिने बरे गेले. मग एक दिवस कपड्यावर रक्ताचा डाग दिसला. रिंग घासून आत जखम झाली होती. रिंग काढली, मलम वाढवलं, सहा आठवडे तशीच राहा म्हणाले.

ते सहा आठवडे सगळ्यात वाईट. मोकळं चालणं एकदा कळल्यावर पुन्हा ते लोंबणारं ओझं घेऊन जगायचं. पुन्हा पट्टे, पुन्हा बोट, पुन्हा भिंतीला टेकणं. मी वंदनाला म्हणाले, "आता नको मला काही. राहू दे." ती बॅग घेऊन डोणगावला माझ्याकडेच राहायला आली. रोज कोमट पाण्यानं धुऊन द्यायची, मलम लावायची. स्वतःच्या मुलीसमोर असं पडून राहणं काय असतं ते मी लिहू शकत नाही. ती एकदाही तोंड फिरवायची नाही. त्याचंच मला जास्त रडू यायचं.

जखम भरली. रिंग परत बसवायला आम्ही चिखलीला गेलो. येताना मेहकरपर्यंत एसटीत बसायला जागा मिळाली. वंदना खिडकीशी होती. दुसरबीड की काय, कुठल्यातरी गावाचं नाव असलेली गाडी शेजारून गेली, ती बघत तिनं एकदम विचारलं, "आई, बाबांले माहीत होतं काय?"

"नाही."

"कधीच नाही सांगतलं?"

"नाही सांगितलं."

तिनं खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाली, "सांगू का नको असं होऊन राह्यलं मले. पण तुले माहीत पाह्यजे. बाबा शेवटी पडून होते न, तू मोरीत कपडे धूत होती. मी त्यांले चमच्यानं पाणी पाजत होती. बोलता येत नव्हतं त्यांले नीट, तरी बोलले." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "म्हणे, तुह्या मायले माह्यी किळस येते. लय वर्सं झाले. तिले तरास नको देऊ, म्हणे, मले दवाखान्यात नेऊन टाक."

गाडी चालूच होती. पुढच्या सीटवर कोणीतरी मोबाईलवर गाणी लावली होती. मी पदर तोंडात धरला. किळस त्यांना येईल म्हणून मी लांब झाले होते, आणि ते माझ्या किळसेचं ओझं घेऊन गेले.

"तू काय म्हणाली त्यांना?" मी विचारलं.

"मी म्हटलं, काहीतरी काय बोलता बाबा. मले काय माहीत होतं?"

कमला

आठ दिवस मी घराबाहेर पडले नाही. नवव्या दिवशी कमला आली. तीच माझी अंगणवाडीतली मदतनीस. तिच्या घरी भाजीपाला पिकतो. तिनं मेथीची जुडी आणली होती, आणि आल्या आल्या ती निवडायलाच बसली. "बाई, तुमी दिसल्या नाही. काय झालं?"

मी सांगितलं. पहिल्यापासून सगळं. पोतं, पट्टे, हे, रिंग, एसटी. कमलाचे हात मेथीवर चालत होते. मधेच ते थांबले. ती मान खाली घालून म्हणाली, "माह्यंही तसंच हाय बाई."

"कधीपासून?"

"धाकटीच्या लग्नाच्या आधीपासून. तुमच्या आधीपासून असंन."

आम्ही दोघी एका खोलीत वर्षानुवर्षं बसलो. एका डब्यातून जेवलो. एकच मोरी होती, आणि दोघी आळीपाळीनं दार लावून तिथे एकच गोष्ट करून यायचो. गरोदर बायकांच्या मीटिंगमध्ये मी बोलायची आणि ती शेजारी बसून मान डोलवायची.

"मला का नाही सांगितलं गं?"

"तुमी तर बाई. तुमाले कसं सांगावं?" ती म्हणाली. "म्हटलं तुमी म्हणसान, इतकं सांगते मी, अन् हिनंच अंगावर काढलं."

मी तिला चिखलीला घेऊन गेले. तिचं हृदय चांगलं आहे, तिला ऑपरेशन चालेल, पण तिनं आधी रिंगच मागितली. बसवून बाहेर आली तेव्हा तीही व्हरांड्यात चालून बघत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, भिंतीला हात न लावता.

परतताना मी विचारलं, "किसनभाऊंना सांगितलंस?" किसनभाऊ म्हणजे तिचे मालक.

"नाही. ते बोलतच नाहीत मायासंग बरोबर. कामचोर झाली म्हणतात. पाणी भराले, टोपलं उचलाले मांगं राह्यते म्हणून. वेगळी निजते, त्याचाही राग हाय." ती हसायला गेली, हसू आलं नाही. "आता या वयात काय सांगू?"

"मी सांगू?"

डोणगाव येईपर्यंत ती तिकिटाची घडी घालत, उलगडत राहिली. उतरताना म्हणाली, "तुमी सांगत असान तर सांगा. मी घरातच राहीन. समोर नाही येणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मी त्यांच्याकडे गेले. किसनभाऊ ओट्यावर बसून ठिबकच्या नळ्यांची भोकं पिनेनं साफ करत होते. "या बाई," म्हणून त्यांनी पोत्याची घडी पुढे सरकवली. दाराच्या आत कमलाच्या पदराचा काठ दिसत होता.

परक्या पुरुषाशी असं बोलायची माझी पहिलीच वेळ.  "भाऊ," मी म्हणाले, "कमलाला बायकांचा आजार आहे. अंग बाहेर येतं तिचं. बारा-तेरा वर्षं झाली. वजन उचललं की जास्त येतं. म्हणून ती पाणी भरायला मागे राहते. म्हणून वेगळी झोपते. तिचा तुमच्यावर राग नाही आणि तुमचा कंटाळाही नाही. मलाही तोच आजार आहे. मी आमच्या ह्यांना सांगितलं नाही. ते गैरसमज घेऊन गेले. म्हणून मी तुम्हाला सांगायला आले."

त्यांनी हातातली नळी खाली ठेवली. पिन शर्टाच्या खिशाला अडकवली. मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

"तेरा वर्सं," ते म्हणाले. "अन् मी तिच्या डोक्यावर टोपलं देत होतो."



"दुखते काय तिले?"

"दुखायचं. आता रिंग बसवली आहे. जरा बरं वाटेल. पण उचलायचं काही नाही."

तेवढ्यात गल्लीत नळ आला. बायका हंडे, कॅन घेऊन निघाल्या. घरातून कमला सवयीनं हंडा घेऊन दारात आली आणि समोर यायचं नव्हतं हे आठवून थबकली. किसनभाऊ उठले. तिच्याकडे न बघता त्यांनी हंडा तिच्या हातातून घेतला. मग आत जाऊन दुसराही आणला.

सत्तरीचा माणूस दोन हंडे घेऊन नळावरच्या बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढची पोरगी वळून हसली. कोणीतरी म्हणालं, "काऊन हो काका, काकूले काय झालं?"

"आजारी हाय ते," किसनभाऊ मोठ्यानं म्हणाले. "तिनं नाही उचलाचं आता."

कमला दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मी तिच्याजवळ गेले नाही. ओट्यावरच बसून त्यांच्याकडे बघत राहिले. ते भरलेला हंडा खांद्यावर घेऊन येत होते, पाणी हिंदकळून त्यांच्या पाठीवरून ओघळत होतं, आणि मला पक्कं माहीत होतं की आमच्या ह्यांनीही असंच केलं असतं. फक्त त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारी एकटी मीच होते.